जांगड गेलेल्या आठ साड्या

घडी मोडलेली साडी मला हाताला कळते. डोळे झाकून द्या, सांगते. नव्या साडीला खळीचा एक करकरीतपणा असतो. तो एकदा अंगाला लागून गेला की गेला. मग तिला कितीही इस्त्री फिरवा, कंपनीचं लेबल पुन्हा टाचा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, ती नेसून आलेली साडीच राहते. हे ज्ञान मला कुणी फुकट दिलेलं नाही. आठ साड्यांनी शिकवलंय, आणि चांगलं कान पिळून शिकवलंय.

माझी धाकटी मुलगी आता कॉम्प्युटरवरून ड्रेस विकते. एकदा तिचा फोन आला तो रडतच. पाठवलेला ड्रेस दहा दिवसांनी खोक्यातून परत आला होता, 'साइज बसत नाही' म्हणून. उघडून बघते तर काखेत घामाचा पट्टा, गळ्याला पावडर, आणि खिशात कुठल्याशा लग्नातल्या जेवणाचं कूपन. वर ज्यांच्यामार्फत विकते ते म्हणतात, गिऱ्हाईक सांगतं तेच खरं, तुम्हीच जुना माल पाठवला असेल. पोरीला वाटत होतं, ही लबाडी कॉम्प्युटरबरोबर आली. मी म्हटलं, बाई, तू तेव्हा चौथीत होतीस म्हणून विसरलीस. तुझ्या आईनं हे सगळं विजेचं बटणही न दाबता भोगलंय. ती म्हणाली, मग तू काय केलंस? काय केलं ते इथं लिहिते.

तेव्हा आम्ही बदनापूरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आमचे हे गँगमन, रुळांवर काम. दोन मुली, एक खोली, आणि मला नुसतं बसून राहायची सवय नाही. शेजारणीनं एकदा जालन्याहून साडी आणायला सांगितली, मी दोन आणल्या. दोन्ही खपल्या. तिथून सुरुवात. चार-पाच वर्षांत माझं बोचकं एवढं मोठं झालं की पॅसेंजरमध्ये टीसी मला बघून म्हणायचा, ताई, या बोचक्याचं वेगळं तिकीट लागेल. दर रविवारी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत जायचे. तिथल्या बायका माझी वाट बघायच्या. साडीवाल्या ताई आल्या म्हटलं की कणीक मळता मळता हात तसेच घेऊन बाहेर यायच्या, आणि मी ओरडायचे, आधी हात धुवा.

माल मी जालन्यातल्या एका शेठच्या दुकानातून आणायचे, तोही जांगड. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जांगड म्हणजे पसंतीवर माल नेणं. आवडला तो ठेवा, नाही आवडला तो आठ दिवसांत परत करा. शेठ मला जांगड द्यायचा, मी पुढे बायकांना जांगड द्यायचे. लग्नघरी तर हाच रिवाज. घरातल्या म्हाताऱ्या, लेकी, सुना सगळ्यांनी मिळून, भांडून, रुसून साड्या निवडायच्या, आणि उरलेल्या परत. कागद नाही, सही नाही. एका बाईचा शब्द आणि दुसऱ्या बाईचा विश्वास, एवढ्यावर चालायचं.

आणि जांगडाचा एक नियम होता, तो मी काटेकोर पाळायचे. परत आलेला माल मोजून घ्यायचा, उघडून बघायचा नाही. गिऱ्हाइकासमोर साडीची घडी उलगडून डाग शोधणं म्हणजे तिच्या तोंडावर तिला चोर म्हणणं. सुरुवातीला मी एकदा ही चूक केली होती. एका मास्तरीणबाईंसमोर साडी झटकून बघितली. साडी स्वच्छ होती. पण त्या बाईंनी त्यानंतर माझ्याकडून रुमालसुद्धा घेतला नाही. तेव्हापासून मोजायच्या, बराबर म्हणायचं, बोचक्यात टाकायच्या. अंकुशनगरच्या एका बाईनं तर स्वतःहून दाखवलं होतं, ताई, पोरानं काठावर चहा सांडला, ही मीच ठेवते. डाग मोहरीएवढा होता. मला तो दिसलाही नसता. अशी माणसं भेटत राहिली, म्हणून मला वाटलं जग असंच आहे. इथं मी शहाणी ठरले नाही.

केदारखेड्याला उतरून पुढे पायी जायचं एक गाव होतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या मोठ्या घरातल्या पाटलीणबाईंच्या मुलाचं लग्न निघालं. कुणीतरी माझं नाव सांगितलं, मला निरोप आला. घर भरल्या गोकुळासारखं. बैठकीत सतरंजी घातलेली. अकरा साड्या त्यांनी जांगड ठेवून घेतल्या. बाकीच्या बायकांना चहा कपबशीतून आला, मला स्टीलच्या पेल्यातून. ते मला कळलं. चहा चांगला होता, मी तो पिऊन टाकला, पण पेला कळला.

त्या अकरा साड्यांत एक होती वांगी रंगाची, लाल पदराची इरकल. विकणाऱ्या बाईनं मालावर जीव लावू नये, हे मला माहीत आहे. पण ती साडी मी शेठच्या दुकानातून उचलली तेव्हाच मनात म्हटलं होतं, ही कुणी घेऊ नये. मग लगेच स्वतःला शिव्या घातल्या, की कुणी घेऊ नये म्हटल्यावर धंदा कसा करायचा. पाटलीणबाईंनी ती बाजूला ठेवली तेव्हा माझं तोंड जरा उतरलं असणार. त्या म्हणाल्या, काय झालं, महाग हाय का? मी म्हटलं, न्हाई, चांगली हाय म्हणून.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी नेलेल्या साड्या आठ दिवसांत परत यायला हव्या होत्या. त्या आल्या लग्न होऊन चार दिवसांनी. तीन ठेवल्या, त्यांचे पैसे रोख. आठ परत. लग्नाच्या धांदलीत ऱ्हाऊन गेलं, असं पाटलीणबाई म्हणाल्या, आणि वर लाडू दिले. आठही साड्या पिशवीत, लेबलं जागेवर, घड्या अशा की पट्टी लावून घातल्यासारख्या. मी मोजल्या. आठ. बराबर म्हटलं. माझी अक्कल तेव्हा कुठं चरायला गेली होती, विचारू नका. लाडू खात होती बहुतेक.

दुसऱ्या दिवशी जालन्याला शेठच्या दुकानात गेले. त्यानंही मोजल्या, बराबर म्हणाला, बाजूला ठेवल्या. आमचं असंच चालायचं. पण त्या वेळी गादीवर गिऱ्हाईक बायका बसलेल्या होत्या, आणि त्यातली एक म्हणाली, ती हिरवी दाखवा. शेठनं हिरवी उचलली, एक टोक धरलं आणि पांढऱ्या गादीवर सर्रकन उलगडली. मध्यावर हळदीचे पाच बोटांचे ठसे. कुणीतरी हळदीचा हात पुसला होता तिला.

ती बाई हात मागे घेत म्हणाली, अगंबाई, ही तर नेसलेली हाय. शेठनं दुसरी उघडली. खांद्याजवळ पिनेची भोकं. तिसरीला अत्तर आणि कढीचा डाग. मी सांगायला लागले की ह्या एका लग्नघरातून आल्या, मी उघडून बघितल्या नव्हत्या. शेठ माझं पुरतं ऐकेना. दुकानात सहा-सात बाया, दोन नोकर, आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"बाई, तुमच्या घरातच लग्न होतं ना? नेसायच्या, मिरवायच्या आन् जांगड म्हणून परत आणायच्या. तुमच्यासारख्यांना जांगड दिलं, ही माझीच चूक झाली."

मग आठही साड्या माझ्याकडे परत सरकवून म्हणाला, पुढच्या बाजारापर्यंत आठही साड्यांचे पैसे आणा, न्हाई तर या दुकानाची पायरी चढू नका. त्याचं निम्मं मला ऐकूच आलं नाही. 'तुमच्यासारख्यांना' हा एक शब्द डोक्यात ठोके घालत होता. त्या गादीवरच्या बायांतली एक बदनापूरची होती. म्हणजे संध्याकाळच्या पॅसेंजरनं हे बोलणं माझ्याआधी घरी पोचणार होतं.

घरी आले. ह्यांना सांगितलं. हे शांत स्वभावाचे. म्हणाले, देऊन टाकू, दोन पगारांतून फिटेल, कशाला भांडण. मी म्हटलं, पैसे दिले की मीच नेसल्या असं होतं. चोर नसणाऱ्यानं दंड भरला की तो चोर होतो. ह्यांनी ताट पुढे ओढलं. त्यांना माझा स्वभाव माहीत होता, आणि त्यांना जेवायचंही होतं.

मी दार लावलं आणि त्या मास्तरीणबाईंनंतर पहिल्यांदा परत आलेला माल उघडला. एकेक साडी पलंगावर टाकत गेले. कुंकू, हळद, पिना, मेंदीचा एक ठिपका. मुली बघत होत्या, मोठी प्रत्येक डाग बोटानं दाखवत होती. सगळ्यात शेवटी वांगी इरकल घेतली. तिला डाग जवळजवळ नव्हता. मी जरा सुखावले, खोटं कशाला सांगू. मग पदर उलगडला, आणि टोकाला हाताला काहीतरी टणक लागलं. पदराच्या टोकाला गाठ होती. घट्ट मारलेली, आतल्या बाजूला दुमडून इस्त्रीखाली दडपलेली. मी न सोडता चाचपून बघितली. एक लांबट, एक गोल, आणि बारीक दाणे. हळकुंड, सुपारी, तांदूळ. ओटी.

कुणाचीतरी ओटी भरली होती, तिनं पदराला गाठ मारली होती, आणि घाईत ती सोडायची विसरून साडी परत केली होती. साड्यांवरचे डाग कुणाच्याही घरचे म्हणता येतील. पण ही गाठ माझ्या घरची म्हणता येत नव्हती. माझ्या सासूबाईंनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच दिवशी घरातला देव्हारा गेला, उपास गेले आणि ओटीही गेली. मी या घरात आले तेव्हापासून माझी ओटी कुणी भरली नाही आणि मी कुणाची भरली नाही. मी ह्यांना बोलावलं, गाठ हातात दिली. त्यांनी चाचपली आणि म्हणाले, आता मात्र भांड.

केदारखेड्याला उतरून चालत गेले. पाटलीणबाई दारातच होत्या. मी अगदी हळू आवाजात सांगितलं, कारण मला वाटत होतं त्यांना लाज वाटेल आणि त्या आत बोलावतील. त्यांना लाज वाटली नाही. आमच्या घरात साड्याची कमी हाय का, असं त्यांनी विचारलं, आणि हसल्या. मग म्हणाल्या, मोजून घेतल्या तवा बराबर म्हणालीस, आता घरी जाऊन काय केलंस ते तुझं तुला म्हाईत. मी बराबर म्हटलंच होतं. मी गाठीचा विषय काढला नाही. त्या म्हणाल्या असत्या, तूच बांधली असशील.

मी परत फिरले. अंगणाच्या टोकाला नवी सून भांडी घासून राहिली होती. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. मला बघून हसली आणि म्हणाली, मावशी, लग्नाची कॅसेट आलीया, रविवारी दुपारी लावणार हैत, सगळ्या आत्या येणार हैत, तुम्ही बी या की. मी तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हटलं, येते बाई, नक्की येते.

कॅसेट म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. त्या वर्षांत ज्याच्याकडे थोडा पैसा, तो लग्नाची व्हिडिओ शूटिंग करून घ्यायचा. एक माणूस खांद्यावर कॅमेरा घेऊन, दुसरा डोळे दिपवणारा हॅलोजन धरून सगळ्या मांडवभर फिरायचे. बायका जेवता जेवता घास तोंडात धरून स्तब्ध बसायच्या. मग आठ-दहा दिवसांनी भाड्याचा व्हीसीआर आणून सगळा गोतावळा ते लग्न पुन्हा एकदा, बसून, आरामात लावायचा.

रविवारी मी अंकुशनगरला गेले नाही. आठ साड्या बोचक्यात बांधल्या आणि त्या घरी पोचले. बैठक बायकांनी भरलेली. पाटलीणबाईंच्या नणंदा, जावा, शेजारणी. टीव्हीसमोर पाटलीणबाई स्वतः. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण चारचौघींत घालवून कसं देणार. सुनेनं आपण होऊन सतरंजीवर जागा केली. मी भिंतीला टेकून बसले, बोचकं मांडीवर.

कॅसेट सुरू झाली. आधी फुलं उडाली, मग नवरदेव एका बदामातून बाहेर आला, सगळ्या हसल्या. मग हळद. कॅमेरा बायकांवरून फिरला, आणि हॅलोजनच्या उजेडात हिरवी साडी आली, एक ठसठशीत नणंदबाई, हळदीचा हात साडीला पुसताना. पुसतानाच. कॅमेऱ्यानं अगदी जवळून टिपलं होतं. मी बोचक्याची गाठ सोडली, हिरवी साडी काढली, ठसे वर येतील अशी घडी घातली आणि समोर सतरंजीवर ठेवली.

कुणाचं लक्ष नव्हतं. मग सीमांतपूजन आलं. मोरपंखी साडी मांडवभर फिरली. मी मोरपंखी काढून हिरवीवर ठेवली. आता शेजारच्या बाईनं वळून बघितलं. जेवणाच्या पंगतीत आंबा रंगाची आली, वाढणाऱ्याच्या हातून तिच्यावर कढी सांडली, आणि टीव्हीसमोरच्या बायका हसल्या, कारण ती बाई तिथंच बसली होती. मी कढीच्या डागाची साडी काढून वर ठेवली. आता हसणं एकाएकी थांबलं. टीव्हीत बँड वाजत राहिला. चौथी, पाचवी, सहावी. पुढे पुढे तर बायका टीव्हीवर साडी आली की माझ्याकडे बघायच्या, आणि मी त्यांना फार वेळ थांबवत नव्हते. सातवी आली वरातीत. मी ठेवली.

पाटलीणबाई म्हणाल्या, बंद करा, लाइटीचा काही भरवसा न्हाई. लाइट होती. कुणी उठलं नाही.

तेव्हा ती हिरवीवाली नणंदबाई पुढे सरकली. तिनं ढिगातली तळची साडी ओढून काढली, ठसे बघितले, आपला हात त्यांच्यावर ठेवून बघितला, आणि म्हणाली,

"वैनी, ही तर मला आहेरात दिल्ती तुम्ही. फॉल-पिको करून देते म्हणून माघारी घेऊन गेल्त्या. मी लग्न झाल्यापासून वाट बघून राह्यले."

मला हे माहीत नव्हतं. शपथेवर सांगते, मला यातलं काही माहीत नव्हतं. मी समजत होते की पाटलीणबाईंनी फक्त मला फसवलं. त्यांनी नणंदा-जावांना आहेर म्हणून ह्याच साड्या दिल्या होत्या, मांडवात सगळ्यांसमोर हळदीकुंकू लावून. लग्न झालं की फॉल-पिकोच्या नावाखाली एकेकीकडून गोळा केल्या होत्या, इस्त्री करून लेबलं टाचून माझ्या बोचक्यात घातल्या होत्या. माणूस चोरी करतो ती एका बाजूनं. ही दुधारी होती. दोन्हीकडून कापून मधे स्वतः मोठी राहणारी.

मग एक जाऊ म्हणाली, कढीची माझी. तिसरी उठली. कुणी रडलं नाही, कुणी आरडाओरडा केला नाही. त्या एकेक करून आल्या, आपापली साडी घेतली आणि मांडीवर ठेवून बसल्या. एकीची साडी तिच्या वतीनं तिच्या बहिणीनं घेतली. ढीग संपला. पाटलीणबाई टीव्हीकडे बघत होत्या, आणि टीव्हीत नेमकं तेच आलं जे यायला हवं होतं. वरमाई म्हणून पाटलीणबाई स्वतः पाटावर बसलेल्या, वांगी इरकल नेसलेल्या, विहीणबाई त्यांची ओटी भरताहेत. हळकुंड, सुपारी, तांदूळ. आणि पाटलीणबाई पदराच्या टोकाला गाठ मारताहेत.

मी आठवी साडी काढली. ती सतरंजीवर ठेवली नाही. पदराचं टोक पुढे करून त्यांच्यासमोर धरलं. "पाटलीणबाई, गाठ ऱ्हाऊन गेली तुमची. सोडून घ्या."

त्यांनी हात लावला नाही. मग त्या उठल्या, कमरेची किल्ली काढली, आत गेल्या आणि सात साड्यांचे पैसे आणून माझ्यापुढे ठेवले. सातच. आठवीकडे बोट करून म्हणाल्या, "ने ती. आता कोण नेसतंय इथं ती? तुलाच दिली."

म्हणजे दान. शेवटी वरच्या हातानंच द्यायचं. माझं डोकं असं तापलं की क्षणभर वाटलं साडी त्यांच्या अंगावर फेकावी. पण साडी काय वाईट होती? साडीचा काय गुन्हा? मी म्हटलं, "दिली न्हाई. सात तुमच्या, ही माझी. हिचे पैसे मी शेठला देते." आणि उठले. दारात नवी सून उभी होती, तिचं तोंड एवढंसं झालेलं. मला तिचं फार वाईट वाटलं. तिला त्याच घरात राहायचं होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी ती साडी नेसले. ट्रंकेतल्या, स्वतःसाठी घेतलेल्या साड्यांत इतकी चांगली एकही नव्हती. दुसऱ्यांच्या लग्नांसाठी शेकडो साड्या विकल्या, पण कुणाच्या नव्या साडीची घडी मोडायचा मान मला कधी मिळाला नव्हता. धाकटी बघत होती. म्हणाली, आई, पण हिची घडी तर आधीच मोडलीय. मी म्हटलं, असू दे, आपण दुसऱ्यांदा मोडू. पदराची गाठ मी सोडली नाही.

पॅसेंजरमध्ये बदनापूरच्या बायांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी खिडकीशी बसले नाही. सगळ्यांना नीट दिसेल अशी मधे उभी राहिले.

शेठच्या दुकानात बाजारामुळे गर्दी. मी पायरी चढले. शेठनं आधी मला बघितलं, मग साडी बघितली, आणि ओळखली. कापडाचा व्यापारी माणूस, माल विसरत नाही. त्याच्या तोंडावर 'बघा, मी म्हणालो नव्हतो का' असं काहीतरी उमटलं. नोकर हातातलं काम टाकून बघायला लागले. मी पैसे गादीवर ठेवले, आठही साड्यांचे. आणि त्या दिवशी तो जेवढ्या आवाजात बोलला होता तेवढ्याच आवाजात बोलले.

"शेठ, त्या दिवशी तुम्ही म्हणालात मी नेसून आणली. त्या दिवशी नेसली नव्हती. आज नेसून आले हाय, पैसे देऊन."

तो काही म्हणणार तेवढ्यात मी पदराचं टोक त्याच्यापुढे गादीवर ठेवलं. म्हटलं, ही सोडा. त्याला कळेना काय आहे. पण बायका बघत होत्या, म्हणून सोडायला लागला. गाठ घट्ट होती, नखानं, मग दातानं. सुटली तेव्हा त्याच्या तळहातावर हळकुंड पडलं, सुपारी पडली, तांदळाचे दाणे पडले. गादीवरच्या एका म्हातारीनं लगेच हात जोडले.

"आमच्या घरात छप्पन सालापासून ओटी भरत न्हाईत, शेठ," मी म्हटलं. "तुमच्यासारख्यांच्या घरात भरतात."

शेठ माझ्याकडे बघेना. तळहात तसाच पुढे धरून बसला होता. ओटीचे दाणे, खाली टाकता येत नाहीत, खिशात घालता येत नाहीत, ठेवायचे कुठं हे त्याला समजेना. खाली बघतच म्हणाला, "चूक झाली, ताई." मी म्हटलं, जरा मोठ्यानं, त्या दिवशी बदनापूरपर्यंत ऐकू गेलं होतं. त्यानं पुन्हा म्हटलं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं.

मग मी पदर सावरला, गादीवर बसले, आणि म्हटलं, नवा माल दाखवा. एकेक, उघडून.